पाच बोटांची कुळकथा

वसई तालुक्याचा नकाशा समोर ठेवला की त्याची चौकट चटकन ध्यानात येते. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. या चौकटीत केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, मिठागरे, कोळीवाडे, किल्ल्याचे अवशेष आणि आता मैलोगणती पसरलेल्या इमारती आहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली होती. त्यानंतर ती कुठवर गेली असेल याचा अंदाज विरार लोकलमध्ये उभे राहणाऱ्याला कोणी सांगावा लागत नाही.

या गर्दीतली बहुतेक माणसे रोज संध्याकाळी आपल्या डोक्यावरून कोण उडत गेले याकडे पाहत नाहीत. दिवेलागण झाली की मोठी वटवाघळे वडा-पिंपळावरून, चिंचेवरून सुटतात आणि वाड्यांच्या दिशेने जातात. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याहून निघालेल्या होडीला समुद्रात कधी डॉल्फिनची पाठ दिसते, तर कधी पाठीवर पर नसलेला, गुळगुळीत, करडा शिंशुक क्षणभर वर येऊन श्वास घेऊन जातो. आणि इथून दक्षिणेला सह्याद्रीचे आणि कोकणचे डोंगरउतार उतरत गेले की रात्रीच्या अंधारात वारुळे उकरणारे खवले मांजर आहे. ते पाहिलेला माणूस मात्र शंभरात एखादाच भेटेल.

एक उडते, एक पोहते आणि एकाच्या अंगावर मगरीसारखे खवले. तिघांकडे पाहून कोणी म्हणेल की एक पक्ष्यांतले, एक माशांतले आणि एक सरपटणाऱ्यांतले. पण तिघेही सस्तन आहेत. तिघांचे रक्त आपल्यासारखे उष्ण, तिघांची आई पिल्लाला दूध पाजते. केस हे सस्तनांचे लक्षण मानले, तर तेही तिघांत सापडतात. खवले मांजराच्या खवल्यांच्या फटीतून राठ केस डोकावतात आणि डॉल्फिनच्या नवजात पिल्लाच्या तोंडावर चार-दोन केस असतात, ते पुढे गळून जातात. पृथ्वीवर सस्तनांच्या सुमारे साडेसहा हजार जाती आहेत. त्यांतली ही तीन घराणी अशी की त्यांनी घरचा वेश साफ टाकून दिला.

वेश टाकता येतो, कूळ टाकता येत नाही. वसईकरांना हे निराळे सांगायला नको. इथल्या सामवेदी ख्रिस्ती घरांत आडनाव पोर्तुगीज असते, पण घरात कादोडी बोली बोलली जाते आणि जुन्या बायका लाल लुगडे नेसतात. आडनावावरून कूळ ठरवू गेले तर माणूस फसतो. प्राण्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञ दोन-अडीचशे वर्षे असेच फसत आले होते. त्याची ही हकिगत.

हात तोच, काम निराळे

आपला उजवा हात समोर धरा. दंडाचे एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन, मनगटाची बारीक हाडे आणि मग पाच बोटे. हीच मांडणी वटवाघळाच्या पंखात आहे. त्याचा अंगठा मोकळा असतो आणि त्याला नखी असते. तिच्या आधाराने ते फांदीवर सरपटते. बाकीची चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली आणि त्यांच्यामध्ये कातडीचा पडदा. वाघूळ उडते ते बाहूंनी नव्हे, बोटांनी.

गंमत अशी की हा पडदा आपल्यालाही असतो. माणसाच्या गर्भात बोटे फुटू लागतात तेव्हा त्यांच्यामध्ये कातडी असते. जन्माच्या पुष्कळ आधी त्या कातडीच्या पेशी मरून जातात आणि बोटे सुटी होतात. वाघळाच्या गर्भात पेशींना मरण्याचा हा हुकूम रोखला जातो. पडदा राहतो, आणि त्याच्या जोडीला बोटांची हाडे भराभर वाढतात. नवी वस्तू निर्माण झाली नाही. होती ती मोडायची राहून गेली.

डॉल्फिनचा पर बाहेरून वल्ह्यासारखा दिसतो. त्याची कातडी दूर केली की आत पुन्हा तेच: दंड, मनगट, पाच बोटे. फक्त हाडे आखूड, चपटी, आणि बोटांची पेरे वाढलेली. आपल्या बोटाला तीन पेरे असतात, तर डॉल्फिनच्या मधल्या बोटांना त्याहून कितीतरी जास्त असतात. खवले मांजराच्या हाताचीही बोटे पाचच. त्यांतल्या मधल्या तिघांची नखे कुदळीसारखी वाढलेली. वारूळ फोडणे हा त्या हाताचा धंदा. चालताना ही नखे झिजू नयेत म्हणून ते ती आत वळवून चालते.

एका हातात कुदळ आली, एकाचे वल्हे झाले, एकाचा पंख. आणि चौथ्या हाताने लेखणी धरली. चारही हात एकाच जुन्या साच्यातून निघालेले.

गावाने ठेवलेले नाव

खवले मांजराचे मराठी नाव कोणी ठेवले हे कळायला मार्ग नाही, पण ज्याने ठेवले त्याची नजर पक्की होती. या प्राण्याला दात नाहीत. जीभ लांबलचक, चिकट, आणि तिचे मूळ घशात नसून थेट छातीच्या पिंजऱ्यापर्यंत गेलेले. मुंग्या आणि वाळवी हेच अन्न. दात नसल्यामुळे चावण्याचे काम पोट करते. प्राण्याने गिळलेले खडे आणि पोटाचे राठ अस्तर मिळून जात्यासारखे दळण दळतात.

दक्षिण अमेरिकेतले मुंगीखाऊही बिनदाताचे, लांब जिभेचे आणि कुदळीच्या नखांचे. तेव्हा युरोपातल्या पंडितांनी या सगळ्यांना ‘बिनदाताचे’ म्हणून एकाच गटात घातले. दिसायला तर्क बिनतोड होता. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांचे जनुक वाचता येऊ लागले आणि ही मांडणी कोसळली. दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ खवले मांजराचा लांबचाही नातलग निघाला नाही. खवले मांजराचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग निघाले मांजर, वाघ, कुत्रा, अस्वल यांच्या मांसाहारी घराण्यातले. ज्याला कोकणातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मांजर म्हणत आला, ते मांजराच्याच भावकीतले ठरले!

अर्थात गावाने नाव ठेवले ते जनुक पाहून नव्हे. पण नुसती मौज म्हणून हे सोडून देण्यासारखे नाही. सारखे काम करणारे प्राणी सारखे दिसू लागतात, हा उत्क्रांतीचा एक मोठा नियम आहे. मुंग्या खाऊन जगायचे ठरवले की लांब जीभ हवी, भक्कम नखे हवीत आणि दातांची गरज उरत नाही. हा संसार जगात निदान पाच वेळा निरनिराळ्या घराण्यांनी मांडला. आशिया-आफ्रिकेत खवले मांजर, दक्षिण अमेरिकेत मुंगीखाऊ, आफ्रिकेत आर्डवार्क, ऑस्ट्रेलियात पिशवीवाल्यांच्या घराण्यातला नंबॅट आणि तिथलीच अंडी घालणारी एकिडना. यांतला आर्डवार्क तर हत्तीच्या आणि समुद्रगाईच्या गोतावळ्यातला आहे. सुतार कोणत्याही गावचा असो, करवत सारखीच दिसायची. करवतीवरून सुताराचे गोत्र कळत नाही.

दात गेले ते कसे, याचाही पुरावा हाती आला आहे. २०१६ साली खवले मांजराच्या दोन आशियाई जातींचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. दातावरचे कठीण आवरण बनवणारी जनुके त्यात अजून आहेत, पण मोडलेली, निकामी. पडक्या वाड्याची जोती जशी शाबूत राहतात, तशी. आणि दातांऐवजी गाळणी वापरणाऱ्या मोठ्या देवमाशांतही हीच जनुके अशीच मोडून पडलेली सापडली आहेत. दोन घराण्यांनी एकमेकांना न विचारता तीच खोली बंद केली.

देवमाशाचे पाय

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जून २०१५ मध्ये निळा देवमासा लागला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूत ब्राइड जातीचा देवमासा मृत सापडला. २०२१ साली वसईच्या किनाऱ्यावरही अशाच एका अवाढव्य प्राण्याचे कलेवर आले. प्रत्येक वेळी बघ्यांची गर्दी झाली, मुलांना खांद्यावर घेऊन बाप उभे राहिले. तिथे त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट होती: या प्राण्याच्या पूर्वजाला चार पाय होते, आणि ते ज्या दगडांत सापडले ते आपल्याच उपखंडातले आहेत.

मासा शेपूट उजवी-डावीकडे हलवतो. देवमासा आणि डॉल्फिन ती खाली-वर हलवतात. होडीतून नीट पाहणाऱ्याला हे दिसते. कारण शोधायचे तर धावणारा कुत्रा पाहावा. सस्तन प्राणी धावतो तेव्हा त्याचा कणा वर-खाली वाकतो. डॉल्फिन पाण्यात पोहते तेव्हा ते जमिनीवरची धावच धावत असते. त्याच्या नाकपुड्या डोक्यावर सरकल्या, मागचे पाय गेले. पण कमरेच्या हाडांचे दोन तुकडे अजून मांसात लपून आहेत आणि गर्भावस्थेत मागच्या पायांचे कोंब फुटतात, मग जिरतात.

भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी काश्मीरच्या दक्षिणेला कालाकोट परिसरात जुने जीवाश्म गोळा केले होते. त्यांतल्या एका लहानग्या खुरवाल्या प्राण्याला त्यांनी १९७१ मध्ये ‘इंडोह्यस’ असे नाव दिले. नावाचा अर्थ ‘भारतातले डुक्कर’. गोळा केलेले पुष्कळसे दगड मात्र न फोडताच राहिले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थ्युविसन या संशोधकाच्या हवाली केले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. त्या हाडाची आतली कड जाडजूड होती. अशी कड तोवर फक्त देवमाशांच्या कानात माहीत होती. डिसेंबर २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा हा प्राणी देवमाशांचा जवळचा भाऊबंद ठरला. त्याच्या पायांची हाडे भरीव आणि जड होती. पाणघोड्याची असतात तशी, पाण्यात तळाशी चालायला सोयीची.

पाकिस्तानातले पाकिसेटस आणि आम्ब्युलोसेटस, आपल्या कच्छमधले कुच्छिसेटस, असे पुढचे दुवे एकामागून एक सापडत गेले. कच्छच्या या खडकांतल्या देवमाशांवर अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७० च्या दशकातच काम सुरू केले होते. आज देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग कोण, असे विचारले तर उत्तर आहे पाणघोडा. आणि त्याच्यामागून गाय, म्हैस, हरीण. गोठ्यातली म्हैस तिच्या शेजारी बांधलेल्या घोड्याहून समुद्रातल्या डॉल्फिनला अधिक जवळची आहे. म्हशीला पाण्याची एवढी ओढ का, याचे उत्तर मात्र यात शोधू नये. ती ओढ तिची स्वतःची आहे.

अंधारातले कान

लहान मुलांच्या गोष्टीत पशुपक्ष्यांच्या लढाईत वाघूळ दोन्हीकडे पाय ठेवून राहते आणि शेवटी कुणाचेच राहत नाही. शास्त्राच्या पुस्तकात मात्र त्याची जागा पक्की आहे. सस्तनांच्या दर पाच जातींमागे एक वाघळाची आहे. १,४०० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. खऱ्या अर्थाने उडणारा सस्तन प्राणी हाच एक. उडती खार नुसती तरंगत उतरते.

वाघळाच्या पूर्वजांनी आधी उडायला सुरुवात केली की आधी आवाजाच्या प्रतिध्वनीने अंधारात पाहायला, हा वाद बरीच वर्षे चालला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगच्या खडकातून सुमारे ५ कोटी २५ लाख वर्षांपूर्वीचे एक वाघूळ जगासमोर आले. त्याच्या पाचही बोटांना नख्या होत्या, पंख उडण्याजोगे होते, पण कानाची रचना प्रतिध्वनी ऐकणाऱ्या वाघळांसारखी नव्हती. उडणे आधी आणि कान नंतर, याकडे हा पुरावा झुकतो.

वसईच्या वाड्यांत फळे खायला येणारे मोठे वटवाघूळ प्रतिध्वनीवर चालत नाही. त्याचे मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक त्याला पुरतात. पंखांचा पसारा एक मीटरहून बराच अधिक असतो. लेण्यांच्या काळोखात राहणारे त्याचे एक फळखाऊ भावंड जिभेने टकटक करून वाट काढते. किडे खाणारी लहान वाघळे मात्र आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या आवाजात ओरडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून डासाचा ठावठिकाणा काढतात. हे १९३८ मध्ये डोनाल्ड ग्रिफिन या तरुण संशोधकाने यंत्राने पकडले. त्याच्या आधी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इटलीत स्पालांझानी यांनी आंधळे केलेले वाघूळ अडथळे चुकवते आणि कान बंद केलेले आपटते, हे दाखवून दिले होते. त्या काळी त्यावर लोक हसले होते.

डॉल्फिनही गढूळ पाण्यात असाच प्रतिध्वनी ऐकते. वसईच्या खाडीच्या मुखाशी पाणी इतके गढूळ की डोळ्यांचा उपयोग थोडा. परतलेला आवाज ते खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत नेते. २०१० मध्ये दोन संशोधक गटांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. कानातल्या सूक्ष्म पेशींना उच्च आवाज टिपायला मदत करणारे एक जनुक आहे. वाघूळ आणि डॉल्फिन दोघांतही ते जवळजवळ सारख्याच जागी बदललेले आहे. केवळ त्या एका जनुकावरून वंशावळ मांडली तर डॉल्फिन वाघळांच्या घरात जाऊन बसते! संपूर्ण दप्तर न तपासता एकाच पावतीवर विसंबले की असे होते.

मराठी सीमाभागाशी जोडलेले एक वाघूळ तर जगप्रसिद्ध आहे. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत राहणारी राटनची वाघळे. १९१३ मध्ये ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबई इलाख्यात वनाधिकारी राहिलेल्या राटन यांचे नाव त्यांना दिले. त्यानंतर कित्येक दशके या जातीचे जगातले हे एकच ठिकाण माहीत होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ती सापडली. ही गुहा ज्या भीमगड अरण्यात आहे त्याला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

काळ्या दगडाच्या काळातले दात

तुंगारेश्वरचा डोंगर ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो दख्खनच्या लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थराथराने ओतला गेला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे वाढली आणि त्यांत प्राणी राहिले. त्या गाळाचे थर लाव्हाच्या थरांमध्ये दाबले गेले. नागपूरला मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात अशा थरांतून जीवाश्म जमवले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे १९८८ मध्ये आजच्या तेलंगणातल्या नास्कल येथील अशाच थरांतून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी चिचुंद्रीएवढ्या एका सस्तनाचे दात शोधून काढले. त्याचे नाव डेक्कनोलेस्टिस, आणि त्याच्या एका जातीला हिस्लॉप यांचे नाव आहे. नंतर मिळालेल्या घोट्याच्या हाडांवरून तो झाडावर चढणारा होता असे दिसते.

डायनोसॉर अजून पृथ्वीवर वावरत होते, दख्खन पेटलेले होते, आणि त्यात हा चिमुकला जीव किडे खात फांद्यांवर फिरत होता. डायनोसॉर गेले आणि अशाच चिमुकल्या सस्तनांपुढे जग मोकळे झाले. त्यांच्यातून पुढे एका शाखेने समुद्र घेतला, एकीने आकाश आणि एकीने वारूळ.

आणि आता सगळ्यांत मोठी मौज. वाघूळ, डॉल्फिन, खवले मांजर ही तिन्ही घराणी जनुकांच्या वंशावळीत एकाच मोठ्या वाड्यात राहतात. त्याच वाड्यात गाय, घोडा, मांजर, कुत्रा आणि चिचुंद्री आहे. आपण माणसे त्या वाड्यात नाही. आपला वाडा शेजारचा. त्यात आपल्यासोबत माकडे आहेत, ससा आहे आणि उंदीर-घुशी आहेत. मांडीवर बसलेल्या मांजरापेक्षा ते ज्याच्यामागे धावते तो उंदीर आपला जवळचा नातलग आहे. जातकुळीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यावर सावकाश विचार करावा.

एकुलते एक पिल्लू

तिघांमध्ये आणखी एक साम्य आहे आणि ते मौजेचे नाही. तिघांनाही साधारणपणे एका वेळी एकच पिल्लू होते. वटवाघूळ वर्षातून एक पिल्लू देते आणि ते पोटाला बिलगून आईबरोबर उडते. खवले मांजराचे पिल्लू आईच्या शेपटीच्या मुळाशी स्वार होऊन फिरते. डॉल्फिन सुमारे वर्षभर गर्भ वाहते आणि पुढचे पिल्लू काही वर्षांनी येते. उंदरासारखी दहा-दहा पिल्ले देण्याचा मार्ग यांनी घेतला नाही. थोडी पिल्ले, पण नीट वाढवलेली, अशी ही रीत आहे.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. यांच्या खात्यावर व्याज फार थोडे पडते. मुद्दलाला हात लागला की ते पुन्हा जमायला पिढ्या लागतात.

खवले मांजराच्या मुद्दलाला हात लागलेला आहेच. घाबरले की ते अंगाचा चेंडू करते. बिबट्याचे दात त्या खवल्यांवर चालत नाहीत. कोट्यवधी वर्षे हा बचाव पुरा पडला. पण माणूस आला आणि त्याने चेंडू उचलून पोत्यात टाकला. त्याला पळावेही लागले नाही, धरावेही लागले नाही. ज्या युक्तीने ते वाघाच्या तोंडून वाचले, तिनेच ते माणसाच्या हाती लागले. हे खवले ज्या पदार्थाचे असतात, त्याचीच आपली नखे बनलेली आहेत. तरीही औषध म्हणून त्यांना परदेशात गिऱ्हाईक होते. २०१६ मध्ये खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा ठराव झाला आणि २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधयादीतून हे खवले वगळले. आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

कायद्याने निम्मे काम होते. उरलेले निम्मे गावाने करायचे असते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने हे ओळखले. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांसाठी गावकऱ्यांना सोबत घेणारी हीच संस्था. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या दुगवे गावात त्यांनी गावकऱ्यांसह ‘खवलोत्सव’ साजरा केला. खवले मांजराची प्रतिमा पालखीतून मिरवली. ज्याची पालखी निघते त्याला मारायला हात धजावत नाही, हे कोकणच्या माणसाला पटवावे लागत नाही.

वाघळाला तर कायद्यानेच वर्षानुवर्षे दूर ठेवले होते. फळे खाणारी वाघळे पूर्वी उंदीर-घुशी आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. कोणीही मारावे, परवान्याची गरज नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली आणि एप्रिल २०२३ पासून दुरुस्ती अमलात आली. डहाणू-घोलवडच्या चिकूवाल्याला आणि वसईच्या केळीवाल्याला वाघळाचा त्रास खरा आहे. त्यांचे नुकसान नाकारण्यात अर्थ नाही. पण जे वाघूळ चिकू खाते, तेच मोहाच्या आणि गोरखचिंचेच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर जाते आणि रानटी फळांच्या बिया मैलोन्‌मैल टाकते. फळांवर जाळे घातले तर बाग वाचते. वड तोडला तर शेकडो वाघळांचे घर एका दिवशी जाते. इमारतीसाठी जुना वड पाडताना नोंद होते ती फक्त एका झाडाची.

आणि समुद्र. शिंशुकाला किंवा डॉल्फिनला जाळे मारत नाही, जाळ्यात अडकून वर येता येत नाही म्हणून ते बुडून मरते. पाण्यात राहणारा प्राणी पाण्यात बुडतो, कारण त्याने फुप्फुस सोडलेले नाही. जमिनीवरच्या पूर्वजांचे हे एक देणे त्याला दर थोड्या मिनिटांनी वर येऊन फेडावे लागते. अशा वेळी नाखव्यापुढे दोनच वाटा असतात. जाळे कापून त्याला सोडावे, किंवा आधी जाळे सावरावे. जाळे हे त्याचे भांडवल. ते कापायचे म्हणजे हंगामाच्या कमाईवर सुरी चालवायची. राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर २०१८ पासून यासाठी एक योजना आणली. संरक्षित जलचर सोडण्यासाठी जाळे कापले आणि त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवली, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई.

रक्कम फार मोठी नाही. नव्या जाळ्याची किंमत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती पुरेशीही वाटणार नाही. तरीही या योजनेत एक शहाणपण आहे. नुसते ‘वाचवा’ म्हणण्याऐवजी वाचवणाऱ्याचे नुकसान तिने हिशेबात धरले. चिकूच्या बागेतही हेच व्हायला हवे, आणि वारुळाची जागा राखणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावरही. शहरात राहणाऱ्यांनी प्राण्यांवर प्रेम करायचे आणि त्याचा खर्च कोळ्याने, बागायतदाराने, आदिवासीने सोसायचा, हा व्यवहार फार दिवस चालत नाही.

आपल्याला काय करता येईल, असे घरातली मुले विचारतील. त्यांना आधी संध्याकाळी गच्चीवर न्यावे आणि वाघळे कोणत्या दिशेने जातात ते पाहू द्यावे. सुट्टीत किनाऱ्यावर गेल्यावर एखाद्या नाखव्याला विचारावे, शिंशुक दिसतो का आणि कुठे. रानात खवल्यांचा चेंडू दिसला तर हात न लावता वनखात्याला कळवावे. आणि मग मुलाचा हात हातात घेऊन त्याची पाच बोटे मोजून दाखवावीत. अंधारात उडणाऱ्या, गढूळ पाण्यात पोहणाऱ्या आणि वारूळ उकरणाऱ्या हातांचीही बोटे तेवढीच आहेत, हे एकदा त्याच्या ध्यानात आले की बाकीचे सांगण्याची फारशी गरज उरणार नाही.